दूर उभे असलेले विद्यार्थी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांकडे संशयाने पाहण्याची खोड लागते. 'बहिःस्थ' हा शब्द घ्या. वरकरणी किती निरुपद्रवी! पण त्याची फोड करून पाहिली की त्यात एक उंबरठा दिसू लागतो. आत बाकांवर ऐसपैस बसलेली मंडळी दिसतात आणि बाहेर चपला हातात घेऊन उभा असलेला एक माणूस दिसतो. हा शब्द पुढे कुणाला तरी बोचला असावा. मग 'पत्रद्वारा' आला, 'दूरस्थ' आला आणि शेवटी 'मुक्त' आला. नावाची एवढी प्रगती झाली. माणूस मात्र अजून उंबरठ्याबाहेरच आहे. फक्त त्याच्या हातात आता चपलांऐवजी मोबाइल असतो, इतकेच.

ही कल्पना काही आजकालची नव्हे. वर्गात न बसलेल्यांनाही परीक्षेला बसू देण्याचे औदार्य लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच दाखवले होते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये टपालाने शिकवायला आरंभ केला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिककरांनी ब्रीद घेतले 'ज्ञानगंगा घरोघरी'. ब्रीद मोठे सुंदर आहे. पण गंगा घरोघरी न्यायची म्हणजे नळ आले, आणि नळ आले की पाणी सुटण्याच्या वेळाही आल्या. त्या वेळांनाच आपण नियम म्हणतो.

रविवारी कर्जतला अशा विद्यार्थ्यांचे संपर्कसत्र भरते आणि मी तिथे मराठी शिकवायला जातो. खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट वर्गात आलेला फिटर, नेरळचा रिक्षावाला, चौककडचा एक रखवालदार, कशेळ्याच्या बाजूच्या एक अंगणवाडी सेविका, असा माझा वर्ग. खोपोलीच्या गाड्या मोजक्या. म्हणून सत्र संपण्याच्या सुमारास खालापूर तालुक्याचे डोळे फळ्यावर नसतात, घड्याळावर असतात. तेवढ्यापुरता मीही व्याकरण आवरते घेतो.

या मंडळींना नियम मला समजावून सांगावे लागतात. मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास. सत्रात असे चार विषय घेतले तर सहा महिन्यांत ४८० तास, म्हणजे रोज दोन तास चाळीस मिनिटे झाली. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात एक विचित्र शांतता पसरली. कर्जतहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याचे जाता-येता चार तास गाडीत जातात. गाडी कर्जतलाच सुटत असल्याने सकाळी बसायला मिळते, पुस्तकही उघडता येते. पण संध्याकाळी दादरला चढलेल्या माणसाने पुस्तक धरायला तिसरा हात कुठून आणावा? आणि गाडीत न बसणाऱ्या बाईचे काय? तिचे दोन तास चाळीस मिनिटे चुलीपाशी, नळापाशी आणि शेताच्या बांधावर सांडलेले असतात. ते गोळा करायचे म्हणजे रात्री घर निजल्यावरच.

म्हणूनच सगळ्या नियमांत मला मुदतीचा नियम अधिक माणुसकीचा वाटतो. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करण्याची मुभा इंदिरा गांधी विद्यापीठासारख्या ठिकाणी असते. सहा वर्षे घेतली की रोजचे दोन तास चाळीस मिनिटे एक तास वीस मिनिटांवर येतात. नियम करणाऱ्याने कधीतरी संसार केलेला असावा!

माझ्या एका सहकाऱ्यांना हे मुळीच मान्य नाही. "इतकी सवलत दिल्यावर पदवीची किंमत ती काय राहिली?" असे ते चहाच्या कपावरून विचारतात. त्यांची शंका अगदीच निराधार नाही. एकदा माझ्याकडे आलेल्या नऊ गृहपाठांत ज्ञानेश्वरी १२९० ऐवजी १९२० मध्ये लिहिली गेली होती. नऊ जणांना एकाच वेळी असा साक्षात्कार होत नसतो. मी नऊही परत केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे गृहपाठासारख्या अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के गुण ठेवावे लागतात. ते ७० टक्के ज्याचे त्यालाच मिळवावे लागतात. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असेही तेच नियम सांगतात. तेव्हा नियमांनी कडक असू नये, असे माझे म्हणणे नाही. ते एकाच बाजूला कडक असू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मला शिकवले कशेळ्याकडच्या त्या अंगणवाडीच्या बाईंनी. त्यांचे सहावे वर्ष सरत आले होते. सगळ्या परीक्षा उत्तीर्ण. पण गुणपत्रिकेत एका गृहपाठासमोर कोरी जागा! गृहपाठ त्यांनी वेळेवर दिला होता; विद्यापीठाच्या दप्तरात मात्र तो पोचला नव्हता. मुदत संपली की फेरप्रवेश, नवी फी आणि नवा गृहपाठ. पदवी असती तर त्यांना पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. महाविद्यालयातला मुलगा अशा वेळी कार्यालयाच्या खिडकीशी रोज जाऊन उभा राहतो; वैतागून का होईना, कारकून उठून फाइल काढतो. दूरच्या विद्यार्थ्याला खिडकीच नसते. तीन ई-मेल पाठवले, उत्तर आले नाही. फोनवर सांगण्यात आले, "मुदत म्हणजे मुदत, बाई."

मी म्हटले, "ताई, पोच आहे का?"

त्यांनी शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकमधून घडी घातलेला कागद काढला. शिक्का, सही, तारीख—सगळे जागच्या जागी. "सर, कागद जपायची सवय आहे. आमच्याकडे कागदाशिवाय कुणी आमचं ऐकत नाही."

त्या कागदाची प्रत आम्ही रजिस्टर टपालाने धाडली. विद्यार्थ्याने एक दिवस उशीर केला की दंड. मग विद्यापीठाने उत्तराला किती दिवस घ्यावेत, हे विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत का छापू नये, असेही मी सोबतच्या पत्रात लिहिले. त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

याच तालुक्यात, माथेरानच्या भाई कोतवालांनी स्वातंत्र्यापूर्वी खेडोपाडी शाळा काढल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. शिकणाऱ्याला शाळेपर्यंत येता येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे चालत जावे, एवढी साधी गोष्ट त्यांना उमगली होती. ती उमगायला आयोगाची गरज लागत नाही. पण एकदा दारापर्यंत गेल्यावर आतून आलेली हाक ऐकूही यायला हवी.

बाईंचे गुण मुदत संपायला अकरा दिवस असताना जमा झाले. पुढच्या रविवारी त्या पेढे घेऊन आल्या. फिटरने दोन उचलले, रखवालदाराने एक खिशात टाकला. मग बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, एम. ए.ला मुदत किती वर्षांची असते?"

फी किती, हे त्यांनी नंतर विचारले.