पेटीचे कुलूप

आमच्या वसईच्या किनारपट्टीवर प्रत्येक जुन्या घरात एक लोखंडी पेटी असते. तिच्यात लग्नातले लुगडे असते, वाडीचे सातबाराचे उतारे असतात, मुलांच्या बाप्तिस्म्याचे दाखले असतात आणि अगदी तळाशी कुणाच्या तरी हातची पिवळी पडलेली पत्रे असतात. घरात पाणी शिरू लागले, की माणसे आधी म्हाताऱ्यांना उचलतात आणि मग या पेटीला. धर्मग्रामाच्या घरातही अशीच एक पेटी असते. फरक इतकाच, की तिच्यात साऱ्या गावाचे जन्म, विवाह आणि मृत्यू नांदत असतात.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी साचून राहिले, वीज गेली, लोकल गाड्या थांबल्या, मिठागरांत माणसे अडकून पडली. त्यानंतर आमच्या पॅरिश कौन्सिलने ठरवले, की नोंदवह्या लाकडी कपाटात ठेवण्याचे दिवस आता संपले. जाड पत्र्याची एक पेटी आणली गेली. झाकणाच्या आतल्या बाजूने रबराची पट्टी, चारही अंगांना घट्ट बसणारे चाप. पाण्याची चिंता मिटली; परंतु कुलूप लावण्याची सोय पेटीला नव्हती.

येथे मतभेद सुरू झाले. एक ज्येष्ठ धर्मग्रामस्थ आम्हांस म्हणाले, "फादर, आपल्या माणसांपासून आपलीच वही कुलपात ठेवायची? लोक काय म्हणतील?" प्रश्न मोलाचा होता. कुलूप हा अविश्वासाचा उच्चार आहे, असे आपल्याला वाटते. शिवाय प्रभूने डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीवर धन साठवू नका असे सांगताना कसर, जंग आणि चोर या तिघांचीही नावे घेतली आहेत. मग धर्मगुरूने पेटीला कुलूप शोधीत बसावे काय?

आम्ही त्यांना उत्तर दिले ते असे, की प्रभूने जपू नका म्हटले ते आपल्या धनाविषयी. या वह्या आमचे धन नव्हेत. त्या दुसऱ्याची ठेव आहेत आणि ठेवीच्या बाबतीत निष्काळजीपणाला वैराग्य म्हणता येत नाही. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने विवाहांची नोंदवही ठेवण्याचे कर्तव्य धर्मगुरूवर सोपविले. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील ५३५ वे कलम तर प्रत्येक धर्मग्रामात दप्तरखाना असावा, त्यात नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात आणि त्या परक्यांच्या हाती पडू नयेत, असे स्पष्ट बजावते. जुन्या वह्याही काळजीपूर्वक जपाव्यात, असेही तेच कलम सांगते.

परक्यांच्या हाती का पडू नयेत, हे धर्मगुरूच्या टेबलापाशी बसल्यावर कळते. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारच्या समासात पुढे त्या व्यक्तीचा दृढीकरण संस्कार आणि विवाह यांची नोंद होते. कुणाचे आईबाप कोण, कुणाचा विवाह रद्दबातल ठरला, हे सारे त्या ओळींत असते. त्या ओळी चावडीवर वाचण्यासाठी नसतात.

आणि पाण्यापासून का जपाव्यात? एकदा एक वृद्ध भगिनी आपल्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधीत आमच्याकडे आल्या. वाडीच्या वारसाहक्कासाठी त्यांना ती हवी होती. नोंद सापडली. नाव स्पष्ट, आईबापांचे नाव स्पष्ट, साक्षीदारही स्पष्ट. केवळ सालाचा शेवटचा आकडा कोण्या जुन्या पावसाळ्यात ओघळून गेलेला. मागचीपुढची पाने लावून आम्ही ते साल ठरवू शकलो. परंतु तेवढा वेळ त्या माउली हात जोडून, एक शब्दही न बोलता समोर बसून होत्या. एका थेंबाने एका मुलीचा बाप अर्धवट पुसला होता.

म्हणून कुलूप हवे आणि पाणीही नको, असा दुहेरी हट्ट. ज्या कारागिराकडे प्रथम विचारणा केली त्याने पेटीच्या दर्शनी बाजूला चार भोके पाडून कडी-कोयंडा ठोकण्याची तयारी दाखविली. आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण वेल्डरने त्याला अडविले. "फादर, भोक पाडलंत की पाणी आलंच. रिव्हेट आज घट्ट बसेल, चार पावसाळ्यांनी ढिली होईल."

त्याचे म्हणणे आम्ही समजून घेतले ते वाचकांनाही उपयोगी पडेल. पेटीचे 'आत' आणि 'बाहेर' पत्रा ठरवीत नाही, रबराची पट्टी ठरविते. पट्टीच्या आतल्या अंगाला सुईएवढे छिद्र पडले तरी पेटी फुटली. पट्टीच्या बाहेर कितीही भोके असली तरी आतला कागद कोरडाच. आमच्या पेटीच्या झाकणाची कड आणि तिच्याखालची पेटीची ओठासारखी वळलेली कड, दोन्ही पट्टीच्या बाहेर बोटभर येत होत्या. त्याने प्रथम रबर काढून घेतले, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ते करपले असते. मग दोन्ही कडांवर लोखंडाचा एकेक कान जोडला आणि दोघांना समोरासमोर भोक पाडले. जोड निवल्यावर घासून रेड ऑक्साइड व रंगाचे हात दिले, कारण जळलेल्या जागी जंग आधी धरतो. मगच रबर परत बसविले.

भोके त्याने कुलपाच्या दांडीपेक्षा किंचित मोठी ठेवली होती. कारण विचारता म्हणाला, "झाकण दाबायचं काम चापाचं. कुलपानं त्यात ओढाताण करायची नाही." कुलूप तंग बसले तर झाकण एका बाजूने उचलले जाते आणि रबर तेथे दबत नाही. दोन राखणदारांनी एकमेकांच्या कामात हात घालू नये, हे आमच्या कौन्सिलच्या बैठकांतही आठवावे असे तत्त्व आहे.

ज्यांच्या पेटीला अशी कड नाही त्यांना भोक पाडावेच लागते. त्यांनी गोल डोक्याचा बोल्ट बाहेरून घालावा, नट आत ठेवावी, म्हणजे बाहेरून कुणाला ती सोडविता येणार नाही. पत्र्याला लागून रबरी वायसर आणि सील करणारा लेप घालावा आणि दर उन्हाळ्यात तो तपासावा. कुलूप पितळी घ्यावे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कुलूप लवकर गंजते.

रिकाम्या पेटीत वर्तमानपत्रे ठेवून, चाप व कुलूप लावून आम्ही झाकणावर बादल्या ओतविल्या. कागद कोरडे निघाले. तरीही पुरात बुडण्याची परीक्षा वेगळी असते, म्हणून पेटी माडीवर लाकडी पाटांवर ठेवली आहे. शिवाय बंद पेटी बाहेरचा ओलावा जसा आत येऊ देत नाही, तसा आतला बाहेर जाऊ देत नाही. पावसाळ्यातल्या दमट वह्या तशाच कोंडल्या तर बुरशी धरते. थंडीतल्या कोरड्या दिवसांत त्या सावलीत उघडून वाळवाव्यात, सिलिका जेलच्या पिशव्या सोबत ठेवाव्यात, मगच झाकण लावावे.

राहिली किल्ली. १२१३ साली पोप तिसरे इनोसंट यांनी क्रूसयुद्धाच्या दानासाठी चर्चमध्ये पेट्या ठेवविल्या तेव्हा तीन किल्ल्या तिघांकडे द्यायला सांगितले होते: एक धर्मगुरूकडे, एक भाविक प्रापंचिकाकडे, एक व्रतस्थाकडे. त्यात कुणाचा अपमान नव्हता. प्रत्येकाचे नाव संशयापासून राखले गेले होते. नोंदवह्यांची किल्ली मात्र धर्मगुरूच्या जबाबदारीची. आमची बदली होईल, नवे फादर येतील, तेव्हा ती हातोहात सुपूर्द व्हावी आणि तशी लेखी नोंद राहावी.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना आम्ही शेवटी एवढेच सांगितले: कुलूप लोकांवर लावलेले नाही, लोकांसाठी लावले आहे. आपल्या नातवाचा दाखला मागायला या. पेटी उघडायला आम्हांस क्षणभरही लागणार नाही.