‘लॉजिक’ नावाचा शब्द आणि आपण



‘लॉजिक’ हा शब्द आता इंग्रजांचा राहिलेला नाही. चहाच्या टपरीवर, क्रिकेटच्या वादात, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडे ‘यात काय लॉजिक आहे?’ असं कुणीही सहज विचारतं. अकरावी-बारावीच्या कला शाखेत तो विषयही आहे, ‘तर्कशास्त्र’ या नावाने. ज्या ग्रीक ‘लोगोस’वरून तो आला, त्याचा अर्थ शब्द, बोलणं आणि हिशेब देणं असा होतो. यातलं हिशेब देणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

अडचण ही की हिशेब एकाच बाजूकडून मागितला जातो. आरक्षणावर बोलणं निघालं की समोरचा शांतपणे म्हणतो, ‘तुम्ही इमोशनल होताय, लॉजिकली बोला.’ म्हणजे ज्याला चटका बसला तो भावनिक, आणि ज्याला चटका कधी बसलाच नाही तो तर्कशुद्ध!

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शहरात भाड्याने घर शोधत होतो. घरमालक शिकलेले, बोलायला अगदी मऊ. आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग खाणं-पिणं. शेवटी म्हणाले, ‘आम्ही जातपात मानत नाही हो. पण लॉजिकल विचार करा. नॉनव्हेज शिजणार, वास येणार, बाकीचे भाडेकरू तक्रार करणार, उद्या ते सोडून गेले तर नुकसान कुणाचं?’ एका वाक्यातून दुसरं कसं नीट निघत होतं! फक्त पहिलं वाक्य त्यांनी आम्हाला विचारून ठरवलेलं नव्हतं. आमच्या चुलीवर काय शिजतं याचं उत्तर द्यायच्या आधीच ते त्यांनी आडनावावरून वाचलं होतं. जिना उतरताना तळमजल्याच्या खिडकीतून सुकट भाजल्याचा खमंग वास येत होता. त्या भाडेकरूंचं आडनाव चालणारं असावं.

तर्कशास्त्राच्या पहिल्या काही धड्यांतच हे शिकवतात: अनुमान बरोबर असणं वेगळं आणि विधान खरं असणं वेगळं. आधीच्या विधानावरून पुढचं निघतं का, एवढंच तर्क पाहतो. आधीचं विधान खरं की खोटं, हे त्याला ठाऊक नसतं. ते माणसांत जाऊन, जग बघून तपासावं लागतं. जातीचं समर्थनसुद्धा असंच ‘लॉजिकल’ होतं. प्रत्येक समाजाला श्रमविभागणी लागते, जात ही श्रमविभागणी आहे, म्हणून जात लागते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमकं मधल्या विधानावर बोट ठेवलं. जात श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी करते, आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांची. मधली वीट काढली, भिंत पडली. त्याच पुस्तकात त्यांनी मनूचा नियमही दाखवून दिला, की हेतुशास्त्राच्या, म्हणजे तर्काच्या, आधाराने जो श्रुती-स्मृतींना मानणार नाही त्याला बहिष्कृत करावं. ज्यांना आज आपल्याकडून लॉजिक हवंय, त्यांच्या धर्मशास्त्रात लॉजिक वापरण्याला ही शिक्षा होती.

आपली परंपरा यात तरबेज आहे. अस्सलायन नावाचा तरुण ब्राह्मण चारी वर्णांच्या शुद्धीवर वाद घालायला बुद्धांकडे आला, तेव्हा बुद्धांनी त्याला साधे प्रश्न विचारले. उच्च कुळातल्याने चंदनाच्या लाकडाने पेटवलेला आणि हीन म्हटल्या गेलेल्याने कुत्र्याच्या कुंडाच्या लाकडाने पेटवलेला, या दोन विस्तवांत उजेड आणि ऊब कमी-जास्त असते का? अस्सलायनाला ‘नाही’ म्हणावं लागलं. पुढे सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने, भारतातल्या सगळ्यात मोठ्या तर्कपंडितांपैकी एकाने, मंदबुद्धीची पाच लक्षणं सांगितली, त्यांत वेदप्रामाण्य आहे आणि जातीचा गर्वही आहे.

आणि तरीही केसपुत्तच्या कालामांना सांगताना बुद्धांनी परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्याबरोबर तर्कही त्याच यादीत घातला. निव्वळ तर्कात बसतं म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नका. तिने लोभ-द्वेष वाढतो की घटतो, माणसाचं हित होतं की अहित, हे स्वतः अनुभवून बघा. आमच्या त्या घरमालकांना उत्तर याहून वेगळं काय द्यायचं?

मराठीत मात्र विचारणाऱ्यासाठी चांगला शब्द शोधायला वेळ लागतो. तो फाटे फोडतो, तर्कट लढवतो, अतिशहाणा असतो. हे शब्द गावातल्या वाड्यावर ऐकले तर नवल नाही, पण ते आपल्या वस्तीतही ऐकू येतात. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीचं यंदा लग्न ठरत होतं. मुलगा बौद्ध, शिकलेला, घरात बाबासाहेबांचा फोटो. बैठकीत मुलाच्या मामांनी हळूच पोटजात विचारली, आणि नंतर तारखेसाठी कॅलेंडर काढून मुहूर्तही बघू लागले. मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, ‘मामा, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर याचं काय लॉजिक?’ बैठक गप्प झाली. मग तिच्याच आत्याने तिचा हात दाबला आणि म्हणाली, ‘अगं, प्रत्येक गोष्टीत लॉजिक लावायचं नसतं.’