दुरुस्तीचे दिवस

आईचं पोट दुखलं की घरात सगळे म्हणायचे, "गॅस झाला असन." मीही तेच म्हणायचे. ओवा खा, सोडा घे. अकोल्यात दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा नॉर्मल. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बग नाही, इतकं सरळ होतं माझं.

मागच्या पावसाळ्यात ती माहेरी, अमरावतीला असताना हिरव्या उलट्या सुरू झाल्या. मी पोचले तेव्हा पोट फुगलेलं, नाकात नळी. सीटी स्कॅन बघत सर्जननी विचारलं, "आधी पोटाचं ऑपरेशन झालंय?"

एकच. सिझेरियन. याच शहरात, माझ्या वेळी.

आतडं त्या जुन्या व्रणाला चिकटलं होतं. मग मी रात्रभर वाचत बसले. पोटाला आतून पेरिटोनियम नावाचं पातळ, ओलसर अस्तर असतं. ते कापलं गेलं की पोटातल्या द्रवात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा असे दाहाचे रेणू वाढतात आणि जखमेवर फायब्रिनचं चिकट जाळं बसतं. हा तात्पुरता पॅच. टीपीए नावाचं एन्झाइम पुढे तो विरघळवायची सोय करतं. पण दाह फार झाला तर पीएआय-१ हे प्रथिन टीपीएला अडवतं. मग जाळं तसंच राहतं, त्यात कोलॅजेन भरतं, रक्तवाहिन्या शिरतात आणि पक्का पट्टा तयार होतो. सोनोग्राफीत तो बहुतेकदा दिसतच नाही. विरघळणार की राहणार, हे पहिल्या पाच-सात दिवसांतच ठरतं.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता. जवळपास तेवढ्याच वेळात आईच्या पोटातली दुरुस्तीही पक्की झाली असेल.

"कापून मोकळं करा ना," मी म्हटलं.

"करता येईल. पण कापलं की पुन्हा तोच दाह, पुन्हा चिकटायची भीती. थांबून बघू."

उपास, सलाईन, नळी. ज्या गॅसला आम्ही इतकी वर्षं दोष दिला, तो सुटला का, हेच नर्स सारखी विचारत होती. तिसऱ्या दिवशी सुटला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

परतताना मूर्तिजापूरजवळ आई म्हणाली, "तू झाली तवापासूनच दुखते. तुले कायले सांगू?"

पट्टा अजून तिथेच आहे. आता फोनवर ती पोट दुखतं म्हणाली, की मी ओवा सांगत नाही. विचारते, उलटी झाली का, पोट फुगलंय का, गॅस सुटतोय का. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवत नाही.