गुरुजींची सीडी

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी सुरू झाली की दिवसभर एकच तक्रार, ‘फाइल उघडत नाही.’ त्यातली बरीचशी प्रकरणं ई-आधारची. पीडीएफ पासवर्ड मागते आणि माणूस आधार नंबर घालत बसतो. खरं तर पासवर्ड साधा: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. काही फाइली शून्य केबीच्या निघतात, पेनड्राइव्ह घाईनं उपसलेला असतो. तिथं मी हात जोडतो. आत काही नाहीच, तर उघडायचं काय?

गेल्या दिवाळीनंतर मात्र एक निवृत्त गुरुजी सीडी घेऊन आले. शिरूरला अजून ‘घोडनदी’च म्हणणाऱ्या पिढीतले. 2002 साली त्यांनी गावाच्या आठवणींचं पुस्तक छापलं होतं. प्रती संपल्या, छापखाना बंद पडला, उरली ती सीडी. पुतण्यानं फाइल कॉम्प्युटरवर उतरवली. उघडेना म्हणून नावापुढचं एक्स्टेंशन बदलून डॉक्स केलं. मग वर्डनं ती खराब ठरवली.

“खराब कशी होईल रे? कपाटातच तर होती.”

“फाइल धड आहे गुरुजी, नाव चुकीचं लागलंय.”

एक्स्टेंशन बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. आत काय आहे ते बघायला मी फाइल नोटपॅडमध्ये टाकतो. डॉक्स म्हणजे मुळात झिपचं गाठोडं, त्याची सुरुवात ‘पीके’ या दोन इंग्रजी अक्षरांनी होते. पीडीएफ स्वतःचं नाव पहिल्याच ओळीत सांगते. इथं दोन्ही नव्हतं, सगळा कचरा. पण खाली सरकता सरकता इंग्रजीत ‘पेजमेकर’ दिसलं, दर दोन अक्षरांमध्ये फट सोडलेलं. म्हणजे पुस्तकाची पानं जुळवायचं त्या काळचं सॉफ्टवेअर.

दुकानाच्या कोपऱ्यात एक्सपीचा जुना कॉम्प्युटर मी मुद्दाम ठेवलाय. बायको त्याला भंगार म्हणते. त्यावर पेजमेकर 7 आहे, 2001 साली आलेली त्याची शेवटची आवृत्ती. पुढं ते काढणाऱ्या अडोबी कंपनीनं सगळा भर इनडिझाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर दिला. मूळ एक्स्टेंशन लावल्यावर फाइल उघडली, पण आधी नसलेल्या फाँटची यादी आली आणि मग पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. यादीत सी-डॅकचा ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ होता. माझ्याकडं श्रीलिपी. दौंडच्या एका डीटीपीवाल्या मित्राकडून सुरेख आणला, टाकला, फाइल परत उघडली. पानं मराठीत आली. फोटो मात्र पेजमेकर बाहेरून जोडायचा. मूळ फोटो सीडीवर नव्हतेच, ते गेले.

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली.

खरं काम पुढं होतं. त्या काळच्या या फाँटांमध्ये ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठलेला असतो भलत्याच इंग्रजी अक्षराचा नाहीतर चिन्हाचा नंबर. फाँट गेला की मराठी गेली. प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991ची, तिच्यात देवनागरी होती. पण आपल्याकडच्या छपाईत पुढं कितीतरी वर्षं जुने फाँटच चालले. कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये येतो, फक्त वेलांटी आणि रफार तपासावे लागतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्यामुळं ‘विद्यार्थी’, ‘निर्णय’ असले शब्द हमखास मोडतात. ते आम्ही दोघांनी बसून दुरुस्त केले. गुरुजी वाचायचे, मी टाइप करायचो.

तुमच्याकडं अशी स्मरणिका, कुळाचा इतिहास किंवा देवस्थानचं पुस्तक सीडीवर पडून असेल, तर एक्स्टेंशनला हात लावू नका. सीडी जशीच्या तशी कॉपी करा आणि जुना डीटीपीवाला गाठा. त्याच्याकडं तो फाँट अजून आहे, तोवर मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या आणि सोबत एक पीडीएफही काढून ठेवा.