महाबळेश्वरच्या धुक्यांत गाडीचें निदान

पुण्याहून महाबळेश्वरास जाणें ही आतां प्रवासवर्णन लिहिण्याजोगी गोष्ट राहिलेली नाहीं. कात्रज, खंबाटकी, सुरूर, वाई, पसरणीचा घाट, पांचगणी असा सुमारें १२० किलोमीटरांचा रस्ता. सकाळचा चहा घेऊन निघालेला मनुष्य जेवणाच्या वेळेस माथ्यावर पोंचतो. तरीहि गेल्या भाद्रपदांत या वाटेवर आम्हांस जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें. कारण तो धडा केवळ गाडीपुरता नाहीं.

आमच्या घरची मोटार पंचवीस वर्षांची आहे. भारतांत २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन घरोघरच्या गाड्यांत इंजेक्शनाची पद्धत आली, त्या पहिल्या पिढींतील ती. वडिलांनीं हौसेनें घेतलेली, म्हणून घरांत तिला मान. परंतु दोन वर्षांपासून तिनें एक खोड धरली होती. गाडी उभी असतां इंजिन मिनिटास आठनऊशें फेऱ्यांनीं शांतपणें फिरावें, तें एकाएकीं थरथरूं लागे, सुकाणू हातांत कांपे, कधीं तें बंदहि पडे. अर्ध्या तासानें पाहावें तर जणूं कांहीं झालेंच नव्हतें.

दोन वर्षांत तीन ठिकाणीं ती दाखविली. एकानें प्लग बदलले. दुसऱ्यानें हवेच्या झडपेवरची काजळी साफ केली. तिसऱ्यानें आयडलची हवा कमीजास्त करणारा व्हॉल्व्हच नवा बसविला. प्रत्येक वेळीं गाडी सुधारली आणि प्रत्येक वेळीं आम्हीं पैसे देऊन आभार मानले. महिन्या-दोन महिन्यांनीं खोड पुन्हां हजर! शेवटीं पुतण्यांनीं ठराव मांडला कीं, दिवाळीपूर्वीं ती मोडींत द्यावी. मातोश्री म्हणाल्या, "द्या, पण त्याआधीं मला तिच्यांतूनच एकदां कृष्णामाईच्या उगमाचें दर्शन घडवा." त्यांचें वय ब्याऐंशी. तेव्हां नाहीं म्हणणें शक्य नव्हतें.

वाईस पोंचलों तेव्हां स्वच्छ ऊन पडलें होतें. घाटावरचा ढोल्या गणपति, १७६२ सालीं रास्त्यांनीं बांधलेल्या त्या देवळांत, आपल्या भव्यतेनें अजूनहि लहानथोरांस चकित करतो. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तीवर आपटून दुभंगावें, अशी बांधणाऱ्यांची योजना. याच गांवीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें काम उभें केलें आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड बाहेर पडला. अशा गांवीं तास-दीड तास घालवून निघालों. गाडी मुकाट्यानें चालत होती.

पसरणीचा घाट अर्धा चढलों आणि ढग खालीं उतरले. पांचगणीच्या अलीकडे गाडीची ओढ कमी वाटूं लागली. तो दोष आम्हीं चढाच्या माथीं मारला. महाबळेश्वरीं बाजारपेठेच्या तोंडाशीं थांबावें लागलें, तों जुनी थरथर सुरू झाली आणि इंजिन दोनदां बंद पडलें. मागच्या गाड्यांचे कर्णे वाजूं लागले. पेट्रोलचा दर्प येत होता. कसेबसे मुक्कामाच्या ठिकाणीं पोंचलों.

रात्रीं झोंप लागली नाहीं. चढून तर आलों, उतरावें कसें? गाडी गिअरमध्यें आहे तोंवर उतारावर चाकेंच इंजिनास फिरवितात. परंतु वळणावर क्लच दाबतांच इंजिन बंद पडलें तर? पायाच्या ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनाच्या शोषणानें निर्माण झालेल्या पोकळीची. इंजिन थांबलें कीं एक-दोन वेळां दाबण्यापुरती ती शिल्लक राहते. मग पेडल दगडासारखें कठीण होतें. वृद्ध मातेस मागें बसवून पसरणीच्या वळणांवर तो प्रयोग करण्याची आमची छाती नव्हती.

दुसरे दिवशीं सकाळीं धुकें इतकें दाट कीं समोरचें झाड दिसेना. गाडी तशीच थरथरत होती. मुक्कामावरील मंडळींनीं निदानें सांगावयास प्रारंभ केला. एक गृहस्थ म्हणाले, ही उंची साडेचार हजार फुटांची, येथें हवा विरळ, जुन्या गाड्यांस ती सोसत नाहीं. दुसरे म्हणाले, पेट्रोलमध्यें भेसळ असेल. पुतण्याचें मत पडलें कीं, गाडीचा संगणकच बिघडला. तिन्ही मतें ऐकावयास सयुक्तिक होतीं.

इतक्यांत मातोश्री म्हणाल्या, "अरे, ही गाडी माझ्या गुडघ्यांसारखी आहे. आभाळ आलें कीं कुरकुरते." सगळे हंसले, आम्हीहि हंसलों.

दहाच्या सुमारास धुकें विरलें आणि ऊन आलें. गाडी सुरू करून पाहिली तों ती अगदीं शांत! तशीच ती जुन्या महाबळेश्वरास नेली. पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पांच नद्यांचे उगम मानले आहेत. गोमुखांतून पडणाऱ्या धारेखालीं मातोश्रींनीं ओंजळ धरली आणि बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. त्या पाण्याकडे पाहात असतां सकाळचें वाक्य आमच्या मनांत घोळूं लागलें.

उंची तीच होती. टांकींतलें पेट्रोल तेंच होतें. संगणकहि तोच. सकाळ आणि दुपार यांत फरक एकच: सकाळीं धुकें होतें, दुपारीं नव्हतें. शिवाय उंचीचा आक्षेप मुळांतच टिकत नव्हता. येथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें १५ टक्क्यांनीं कमी असतो हें खरें, आणि कार्ब्युरेटरची गाडी अशा ठिकाणीं पेट्रोल अधिक पिते हेंहि खरें. परंतु आमच्या गाडींत दाब मोजणारें साधन आहे आणि त्या मापानेंच संगणक पेट्रोल बेतून देतो. मागील दुरुस्त्याहि आठवून पाहिल्या. गाडी बिघडली ती दर वेळीं पावसाच्या झडींत; कामावरून परत आली ती उघडीप पडल्यावर. म्हणजे सुधारली ती दुरुस्तीनें नव्हे, उन्हानें! आम्हीं मात्र गुण आला तो त्या त्या औषधाचा समजत गेलों होतों.

परततांना एका लहानशा गॅरेजपुढें थांबलों. तेथील मिस्त्री वयस्क होते. आमची हकीकत त्यांनीं मध्यें न बोलतां ऐकली आणि म्हणाले, "साहेब, ओलाव्याचं दुखणं ओलाव्यांतच बघायला पाहिजे. दिवस मावळूं द्या."

काळोख पडल्यावर त्यांनीं दिवे मालवले, इंजिन चालूं ठेवून बॉनेट उघडलें आणि झाडांवर पाणी मारण्याच्या फवाऱ्यानें प्लगच्या वायरींवर बारीक तुषार सोडले. क्षणार्धांत थरथर सुरू झाली आणि तिसऱ्या वायरीपासून शेजारच्या लोखंडाकडे एक निळी ठिणगी टिकटिक करीत उडतांना आम्हां सर्वांस दिसली. मातोश्रींनाहि पुढें येऊन ती पाहण्याचा मोह आवरला नाहीं; "आजी, लांबून बघा, हात लावूं नका," असें मिस्त्रींनीं बजावलें. तें योग्यच होतें, कारण त्या वायरींत हजारों व्होल्टांचा दाब खेळतो.

तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं एकेका इंजेक्टरचा जोड क्षणभर काढून पाहिला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचा काढतांच इंजिन आणखी मंदावे. तिसऱ्याचा काढला तरी कांहींच फरक पडेना. जें सिलिंडर कामच करीत नव्हतें त्याच्या असण्यानसण्यानें काय होणार? दोन वेगवेगळ्या साक्षींनीं एकच अपराधी दाखविला.

वायर काढून पाहतां पट्टीशीं घासून तिच्या वेष्टणास केंसाएवढी चीर पडलेली आढळली. कोरड्या हवेंत तेवढें वेष्टण पुरे पडे. ओलावा चिरेंत शिरला कीं विजेस प्लगपेक्षां जवळची वाट सांपडे आणि ठिणगी बाहेरच सांडे. मग तिसऱ्या सिलिंडरांतील पेट्रोल न जळतां बाहेर पडे. दर्प येत होता तो त्याचाच. न वापरलेला प्राणवायुहि त्याबरोबर जाई आणि धुरांतील प्राणवायु मोजणारें साधन संगणकास कळवी कीं पेट्रोल कमी पडत आहे. तो बिचारा आणखीच सोडी. पसरणीच्या चढावर ओढ कमी वाटली होती तीहि याच कारणानें. वेग असतां इंजिनाची गति ही उणीव झांकून नेई. उभ्या गाडींत ती लपत नसे.

मिस्त्रींनीं त्याच लांबीची वायर बसविली आणि पुन्हां तसेच तुषार मारले. इंजिन ढळलें नाहीं. दुसरे दिवशीं पहांटे भर धुक्यांत गाडी अर्धा तास उभ्याउभ्या चालवून पाहिली आणि मगच घाट उतरलों. पुण्यास येऊन चारी वायरी नव्या घातल्या. पुढें परतीच्या पावसाच्या सरी आल्या, तेव्हां मुद्दाम गाडी अंगणांत भिजत ठेवून तपासली, थरथर नाहीं.

येऊन-जाऊन राहणाऱ्या दुखण्यांत उपचार करण्याची घाई अधिक आणि तें केव्हां येतें हें लिहून ठेवण्याचा कंटाळा अधिक, असें आपणां सर्वांचें होतें. तारखेपुढें त्या दिवसाचें हवामान एवढें जरी आम्हीं टिपलें असतें, तरी दोन वर्षांचा खर्च वांचता. एखादें औषध खरें कीं काय, हें दुखणें नसतांना कळत नाहीं. तें पुन्हां मुद्दाम आणून पाहावें लागतें.

दिवाळी होऊन गेली. मोडीचा विषय पुतण्यांनीं पुन्हां काढला नाहीं. आभाळ भरून आलें कीं मातोश्रींचे गुडघे अजून दुखतात, त्या मात्र खिडकींतून गाडीकडे पाहून म्हणतात, "हिचं बरं झालं."