दिवसातून तीनदा

दादांचं मेडिकल बसस्टँडसमोर होतं. शाळा सुटली की मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि दादा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावायचे. गोळ्यांच्या पाकिटावर निळ्या पेनाने खुणा करत गिऱ्हाइकाला समजावायचे, "बीडी म्हणजे सकाळ-संध्याकाळ. टीडीएस, तीनदा. एचएस, झोपताना. ही एसओएस, लागली तरच." बीडी म्हटलं की एखादा म्हातारा हमखास हसायचा. मी एकदा विचारलं, असं का लिहितात? "डॉक्टरांची भाषा," दादा म्हणाले आणि पुढची चिठ्ठी घेतली.

त्याच स्टुलावर 'देवः देवौ देवाः' घोकलं. मार्क मिळतात म्हणून घेतलेलं संस्कृत, दहावीबरोबर संपलं.

लॅटिनकडे वळले ती चाळिशीनंतर, आणि तीही गैरसमजातून. मार्कस ऑरेलियस मुळातून वाचायची हौस होती. रोमचा सम्राट, म्हणजे लॅटिनच! व्याकरणाचं जाड पुस्तक आणलं, तिसऱ्या गटाच्या नामांपाशी अडकले, आणि तेवढ्यात कळलं की या गृहस्थांनी आपलं चिंतन ग्रीकमध्ये लिहून ठेवलं आहे. पुस्तक माळ्यावर गेलं.

खाली आणलं नाही ते नाहीच. दुसऱ्या खेपेला हाती आलं हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं, 1955 साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त लॅटिन. अर्थ लागावा म्हणून समासात छोटी चित्रं. पहिल्या भागाचे पस्तीस धडे एका रोमन कुटुंबाभोवती फिरतात. भाऊ बहिणीला मारतो, एक पोरगा झाडावरून पडतो, वैद्य येऊन त्याच्या हातातून रक्त काढतो. पुढे काय झालं या उत्सुकतेपोटी विभक्ती कधी अंगवळणी पडल्या ते कळलंच नाही. द्विवचन नाही हे पाहून तर शाळेतल्या मुलीला झाला असता तेवढा आनंद झाला. तृतीया कुठे गेली म्हणून शोधत होते, तर ती पंचमीच्या घरात जाऊन राहिलेली.

आणि मग एका संध्याकाळी लोकलमध्ये, मुलुंड गेल्यावर, बीडी उलगडली. 'बिस दिए': दिवसातून दोनदा. 'बिस' म्हणजे आपलं 'द्विः'. टीडीएसमधलं 'तेर' म्हणजे 'त्रिः', आणि शेवटचं 'सुमेन्दुम' म्हणजे 'घ्यावयाचे'. एचएस तर मजेशीरच: 'होरा सोम्नी', झोपेची वेळ. होरा म्हणजे पंचांगातली होराच, ग्रीकांकडून दोन्हीकडे गेलेली. आणि 'सोम्नुस' हा 'स्वप्न'चा सख्खा नसला तरी चुलतभाऊ. संस्कृतातही स्वप्न म्हणजे झोप. एसओएसचा बुडत्या जहाजाशी काही संबंध नाही. 'सी ओपुस सित', गरज असेल तर.

घरी येऊन दादांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "बरं. पण गिऱ्हाइकाला झोपताना एक, एवढंच सांगायचं ना?"

तत्त्वज्ञानाची वाट सेनेकाने सोपी केली. ल्युसिलियस नावाच्या मित्राला त्याने लिहिलेली 124 पत्रं आहेत. एखादं दोन पानांत संपतं. लोएब मालेतल्या लाल पुस्तकात डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. उजवीकडे डोकावणं ही चोरी आहे असं मला वाटत नाही. आपणही ज्ञानेश्वरी सार्थच वाचतो. माणूस मात्र सरळ नव्हे. साधेपणाचे गोडवे गाणारा हा रोममधल्या गडगंज श्रीमंतांपैकी एक, नीरोचा गुरू, आणि इसवी सन 65 मध्ये त्याच शिष्याच्या हुकुमाने मेलेला. त्याचं उपदेशाचं पत्र मला कधी कधी खोटं वाटतं. आजारपणाचं वाटत नाही.

चौपन्नावं पत्र दम्यावर आहे. वावटळीसारखा झटका येतो, तासाभरात ओसरतो. वैद्य याला मरणाची तालीम म्हणतात, असं तो सांगतो. दादांनाही दमा. गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते, तेव्हा रात्री त्यांना धाप लागली. पंप घेऊन ते उशाला टेकून बसले आणि झोप येईना, म्हणून ते पत्र मी अडखळत मराठीत सांगितलं. तालमीपाशी ते मान हलवून "बरोबर आहे" म्हणाले. थोड्या वेळाने त्यांच्यातल्या दुकानदाराने विचारलं, "काय घ्यायचा तो यावर?"

मी पत्र पुन्हा चाळलं. त्यात औषधाचं नाव नाही.