भाता

२०१५च्या पावसाळ्यातला एक रविवार. उपासनेत दुसरं गीत चालू असताना पेटीचा आवाज मध्येच बसला. मंडळी जोरात गात होती, त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तिसऱ्या बाकावर होते, मला दिसलं. ह्यांचा डावा हात भात्यावरून घसरला होता. त्यांनी तो परत ठेवला, दोनदा भाता मारला, हात पुन्हा घसरला. घरी येताना म्हणाले, "हाताला मुंग्या नाहीत, दुखत नाही, पण जोरच नाही." मी म्हटलं, उशाखाली घेऊन झोपला असाल.

आमचं गाव नगर. मिशनचं काम इथे १८३१पासून, आणि आमच्यासारख्या घरांत पेटी आणि शास्त्र बरोबरच वाढलेलं. नारायण वामन टिळकांची गीतं ह्यांना पुस्तक न उघडता येत. एकतीस वर्षं आमच्या मंडळीची पेटी ह्यांच्याकडे होती. पगार नाही, मानधन नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पेटीवरची चादर काढायची, एवढंच.

दिवाळीपर्यंत शर्टाचं बटण लागेना. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल भाग खोलगट झाला, आणि दंडाच्या कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत राहायचं, जसं पाण्याखाली मासोळी हलते तसं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्नायूंत सुया टोचून तपासणी केली आणि नाव सांगितलं: मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात. हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. मन बहुतेकांचं शाबूत राहतं. गोळी आहे, ती वेग थोडा कमी करते.

मी विचारलं, "पण का? ह्यांनी कधी तंबाखूला हात लावला नाही. घराण्यात कुणाला नाही."

डॉक्टर म्हणाले, दहातल्या नऊ रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच नसतो. का होतो ते सांगता येत नाही.

त्या माणसाची मी आजही ऋणी आहे. पुढच्या तीन वर्षांत आम्हाला इतक्या लोकांनी इतकी कारणं सांगितली, की "सांगता येत नाही" हे वाक्य किती मोलाचं होतं ते मला नंतर कळलं.

कुणी म्हणालं, देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. कुणी ह्यांच्या आजोबांचं एखादं झाकलेलं पाप शोधायला निघालं. बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले, त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाले, विश्वास असेल तर आता हात वर करा. ह्यांनी प्रयत्न केला. मान लाल झाली, खांदा थरथरला, हात मांडीवरच राहिला. प्रचारक जाताना मला दारात म्हणाले, "ताई, कुठेतरी संशय आहे." मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ.

शब्बाथशाळेत मी बावीस वर्षं मुलांना बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सांगितली होती. घाईघाईनं सांगायची मी ती. संकटं आली, ईयोब टिकला, आणि बेचाळिसाव्या अध्यायात देवानं सगळं दुप्पट परत दिलं. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, मुलं मात्र पुन्हा दहाच का? आणि पहिल्या दहांचं काय?" मी म्हटलं, ती स्वर्गात होती ना, म्हणजे झाली की दुप्पट. वर्ग हसला, मीही पुढे सरकले.

आता रात्री ह्यांना कुशीवर वळवल्यानंतर झोप यायची नाही तेव्हा मी ते पुस्तक सावकाश वाचलं. अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. पृथ्वीचा पाया, समुद्राची दारं, रानबकऱ्या कधी वितात, रानगाढव, शहामृग, सगळ्यांविषयी विचारतो. ईयोबाची मुलं का मेली, हे तो सांगत नाही. एका शब्दानं नाही. आणि शेवटी तो कुणावर रागावतो? ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं त्या ईयोबाच्या मित्रांवर. देवाशी वाद घालणारा ईयोब मात्र नीट बोलला, असं देवच म्हणतो. बावीस वर्षं मी मुलांना मित्रांच्या बाजूनं शिकवत होते.

त्या मित्रांचं एक काम खरंच चांगलं होतं. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते जमिनीवर त्याच्याजवळ नुसते बसले, एक शब्द न बोलता. आमच्याकडे तसं शेजारच्या काकूंनी केलं. काकू माळकरी, दर वर्षी वारीला जाणाऱ्या. दुपारी तीनला यायच्या, मेथीची जुडी सोडून ह्यांच्या खाटेजवळ खाली बसायच्या आणि पानं खुडायच्या. "कसं वाटतंय" असं त्यांनी कधी विचारलं नाही. जाताना निवडलेली अर्धी मेथी आमच्या ओट्यावर ठेवायच्या.

पुण्याहून परतताना एकदा गाडी केडगावला बराच वेळ थांबली. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या अलीकडचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. खिडकीतून मी बघत राहिले. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलेली, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा. आणि १९२१मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधले आठ-नऊ महिने त्यांच्यापुढे बायबलच्या मराठी भाषांतराचं काम होतं. मुलगी गेल्यावर ही बाई पुन्हा त्या कागदांशी कशी बसली असेल? ज्या देवाचा शब्द मराठीत आणायचा, त्यानंच हे घडू दिलेलं. लहानपणापासून ऐकलेली ती माहिती त्या दिवशी माझ्या पोटात गेली. मी ह्यांच्या तोंडाजवळची लाळ पुसली आणि गाडी हलली.

आज्ञापालन हा शब्द मला पूर्वी फार मोठा वाटायचा. अब्राहाम देश सोडून निघतो तसं काहीतरी. माझ्या वाट्याला आलेल्या आज्ञा फार लहान होत्या, आणि त्या शोधाव्या लागत नव्हत्या. सहाला तोंड पुसायचं. पोटातल्या नळीतून गाळलेली पेज हळूहळू सोडायची. दोन-दोन तासांनी कूस बदलायची. मनात देवाशी कडाक्याचं भांडण चालू असायचं आणि हात पेज गाळत असायचे. मला वाटायचं, अशा मनानं केलेलं देव काय घेणार. पाळकसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाई, गेथशेमानेत प्रभूनं प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. टळला नाही. आणि वधस्तंभावर त्यानं 'का' विचारलं, त्याचंही उत्तर शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. मी तुम्हाला कुठून देऊ?" मग उठून त्यांनी मला ह्यांची गादी उन्हात न्यायला मदत केली.

पेटीचं सांगायचं राहिलं. डावा हात गेला तरी उजवा जवळजवळ सात महिने चालत होता. पहिल्या काही रविवारी ह्यांनी घरीच राहायचं ठरवलं. मग एका शनिवारी रात्री म्हणाले, "अगं, भाता तू मारशील?"

मला पेटीतलं काही येत नाही. मंडळीसमोर मी ह्यांच्या डाव्या बाजूला लहान स्टुलावर बसले आणि भाता मारायला लागले. सुरुवातीला इतका जोरात, की सूर थरथरायला लागला. ह्यांनी पट्ट्यांवरची नजर न काढता हळूच सांगितलं, "हळू. रिकामा होऊ देऊ नकोस, आणि भरूनही टाकू नकोस. श्वासासारखा." त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. कडव्याच्या शेवटी लांब सूर यायचा तेव्हा ते माझ्याकडे किंचित कलायचे आणि मला कळायचं, अजून थोडं धर. त्या सात महिन्यांत माझी धड एक प्रार्थना झाली नाही. भाता मात्र त्या रात्रीनंतर एकाही रविवारी चुकला नाही.

मग उजवा हातही गेला. मग जीभ जड झाली, मग श्वास. रात्री मास्क लावायचं मशीन घरी आलं. त्याच्या आवाजावर माझा हात अंधारात आपोआप हलायचा, चादरीवर पुढे-मागे. २०१८मध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळात, पहाटे, मी हात थांबवला तेव्हा खोलीत मशीन एकटंच चालू होतं.

का, हे मला अजून कळलेलं नाही. मी अजून विचारते. विचारणं हा अविश्वास आहे असं मला आता कुणी सांगितलं तर मी त्याला चहा देते आणि ईयोब वाचायला सांगते.

घरची पेटी वर्षभर चादरीखाली होती. गेल्या महिन्यात मंडळीतली बिघडली म्हणून ही काढली, तर भात्याला कसर लागलेली. दुरुस्त करणाऱ्यांनी भाता उघडून दिव्यासमोर धरला, बारीक भोकांतून उजेड आला. म्हणाले, कापड आणि चामडं दोन्ही बदलावं लागेल, घाई नसेल तर पंधरा दिवसांनी या. वाजवणारं कोण आहे घरात?

मी म्हटलं, मंडळीतला एक मुलगा शिकतोय. रविवारी साडेआठला लागेल.